घोटाचा मध्य : कॅबर्नेप्रधान मिश्र रेड वाईनची पारख

कॅबर्ने सोव्हिन्यॉन या द्राक्षाच्या वाईनचा घोट घेतला की त्याची सुरुवात ठसठशीत होते आणि शेवटही बराच वेळ रेंगाळतो. परंतु या दोहोंच्या दरम्यान, काळ्या फळांची पहिली चव ओसरल्यावर आणि तुरटपणा पुरता चढण्यापूर्वी, क्षणभर चव पातळ झाल्यासारखी वाटते. प्रत्येक कॅबर्नेमध्ये हे घडतेच असे नाही, आणि चांगल्या वर्षी चांगल्या बागेतून आलेल्या वाईनमध्ये ते मुळीच जाणवत नाही. तरीही या द्राक्षाचा स्वभाव तसा आहे. त्याच्या जोडीला मर्लो, कॅबर्ने फ्राँ, पेती व्हेर्दो, माल्बेक किंवा शिराझ मिसळण्याच्या परंपरेमागे हवामानाचा आणि उत्पन्नाचा हिशेब आहे हे खरे, पण पिणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्या मिश्रणाचे सर्वांत मोठे काम हा मधला भाग भरून काढणे हे आहे. म्हणून अशा मिश्र वाईनची पारख करताना मी सुगंधांची नावे शोधण्याआधी घोटाच्या मध्याकडे लक्ष देते, आणि ठाण्यातील आमच्या परिचितांपैकी जे नव्याने रेड वाईनकडे वळतात त्यांनाही प्रथम तेच सांगते.

मध्य म्हणजे येथे वेळ अभिप्रेत आहे, जिभेवरची जागा नाही. जिभेच्या टोकाला गोड, कडांना आंबट आणि मागे कडू कळते हा शाळेत शिकवला जाणारा नकाशा शास्त्रज्ञांनी केव्हाच खोडून काढला आहे. चवीच्या कळ्या जेथे जेथे आहेत तेथे सर्वच चवी कळतात. घोट तोंडात आल्यावर आधी फळ आणि आंबटपणा समोर येतो, त्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत वाईनचे वजन आणि तिचा भरीवपणा कळतो, आणि मग टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट द्रव्याचा, तुरटपणा व अल्कोहोलची ऊब वर येते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा कमी होतो आणि हिरड्या व गालांची आतली बाजू कोरडी पडल्यासारखी वाटते. म्हणजे तुरटपणा ही चवीइतकीच स्पर्शाचीही जाणीव आहे. हे टप्पे वेगळे ओळखायचे असतील तर घोट मोठ्या चमच्याएवढाच घ्यावा, तो तोंडभर फिरवावा, ओठांतून किंचित हवा आत ओढावी आणि गिळण्याची घाई करू नये. घटाघट पिणाऱ्याला सुरुवात आणि शेवट तेवढे मिळतात, मधले सगळे हातचे जाते.

कॅबर्नेचा हा स्वभाव त्याच्या मण्यांतूनच येतो. लाल कॅबर्ने फ्राँ आणि पांढरे सोव्हिन्यॉन ब्लाँ यांच्या नैसर्गिक संकरातून हे द्राक्ष जन्माला आले, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत कॅरोल मेरेडिथ आणि जॉन बॉवर्स यांनी डीएनए चाचणीच्या आधारे दाखवून दिले आणि १९९७ मध्ये तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, आणि गराच्या मानाने बियांचा वाटा मोठा. बहुतेक लाल द्राक्षांप्रमाणे याचाही गर रंगहीन असतो. वाईनचा रंग आणि टॅनिन सालीतून व बियांतून उतरते. साहजिकच रंग गडद, तुरटपणा भक्कम आणि त्या मानाने रसाची मांसलता कमी, असा हा घाट होतो. दोन्ही पालकांकडून आलेला आणखी एक वारसा म्हणजे पायराझीन या गटातील संयुगे. द्राक्ष पुरते पिकले नसेल, किंवा पानांच्या दाट सावलीत घडाला ऊन मिळाले नसेल, तर त्यांच्यामुळे वाईनला चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. अगदी थोड्या प्रमाणात हा वास मला आवडतो, कारण त्यामुळे काळ्या फळांचा गोडसरपणा आटोक्यात राहतो. जास्त झाला की तो इतर सर्व वासांना झाकून टाकतो.

माझा मामेभाऊ दिंडोरी तालुक्यात वाईनची द्राक्षे पिकवतो. पूर्वी त्याच्याकडे थॉमसन आणि शरद सीडलेस अशी खाण्याची द्राक्षे होती, नंतर त्याने काही एकरांवर कॅबर्ने आणि शिराझ लावले. त्याच्या बागेत उभे राहिल्यावर मला आपल्याकडच्या कॅबर्नेची अडचण प्रथम नीट उमगली. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो, आणि घड पक्व होतात तेव्हा हवा थंडीकडे झुकत असते. आपल्याकडे वेल झोपत नाही, त्याला वर्षातून दोनदा छाटावे लागते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. घड थंडीत वाढतात खरे, पण मण्यांत पाणी उतरल्यावर जानेवारी मागे पडतो आणि तोडणीच्या वेळेस उन्हाळा दारात असतो. ऊन वाढले की साखर, जी ब्रिक्स या मापात मोजतात, झपाट्याने चढते, आम्लता उतरते, आणि साल व बिया मात्र त्या वेगाने पिकत नाहीत. मामेभाऊ म्हणतो, “ताई, ब्रिक्स चोवीसला आलं म्हणून मी लगेच तोडणीला हो म्हणत नाही. बिया चावून बघतो. तपकिरी होऊन कुरकुरीत लागल्या तर ठीक, हिरव्या असल्या तर तो कडवटपणा पुढे वाईनमध्ये उतरणारच.” साखर आणि बिया यांच्या या शर्यतीत नाशिकच्या कॅबर्नेचा मध्य ठरतो. साखरेकडे पाहून लवकर तोडले तर घोट मध्यावर हिरवा व कृश लागतो. फार थांबले तर तो ऊबदार आणि सैल होतो, कारण वाईनला उभे धरणारी आम्लता हातून गेलेली असते. चांगले बागायतदार भल्या पहाटे, द्राक्ष थंड असताना तोडणी उरकतात, त्याचा फायदा होतो. परंतु तोडणीचा दिवस निवडण्याचे कसब त्याहून मोठे, असे माझे मत आहे.

फ्रान्समधील बोर्दो या वाईनच्या प्रदेशात ही अडचण उलट्या बाजूने येते. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळून झालेल्या जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदॉक भागात, वाळूमिश्रित खडीची जमीन आहे. ती पाण्याचा निचरा करते आणि दिवसाची उष्णता धरून ठेवते, म्हणून उशिरा पिकणारे कॅबर्ने तेथे पिकू शकते. उजव्या तीरावरील पोमेरॉल आणि सेंत-एमिलियाँ येथे चिकणमाती आणि चुनखडी अधिक, जमीन तुलनेने थंड, म्हणून तेथे लवकर पिकणारे मर्लो राज्य करते. मर्लो आधी फुटते, त्यामुळे वसंतातील हिमतुषार त्यालाच गाठतो. कॅबर्ने मागाहून पिकते, त्यामुळे शरदातील पाऊस त्याच्या वाट्याला येतो. दोन्ही लावली की एक वर्ष पूर्ण बुडण्याची भीती कमी होते. शेतकऱ्याच्या या सावधगिरीतून आलेली पद्धत चवीलाही मानवली, कारण मर्लोचा मणी मोठा, साल पातळ, आणि आलुबुखारासारखी मऊ, रसाळ चव नेमकी कॅबर्ने जेथे पातळ पडते तेथे येऊन बसते. कॅबर्ने फ्राँ फुलांचा आणि मसाल्याचा हलका गंध देते. पेती व्हेर्दो फार उशिरा पिकते, म्हणून ते थोडेच लावतात, पण दोन-चार टक्क्यांतही रंग आणि कणा वाढवते. माल्बेक एकेकाळी तेथे बरेच होते. १९५६ च्या भयंकर थंडीने वेलींचा मोठा नाश केला आणि त्यानंतर बहुतेकांनी ते पुन्हा लावले नाही.

मिश्रणाची कल्पना वाचून जितकी कळते त्याच्या कितीतरी पट ती करून पाहिल्यावर कळते. हा प्रयोग घरी सहज होण्यासारखा आहे आणि माझ्या मते रेड वाईन शिकण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. महाराष्ट्रातच पिकलेली, एकाच द्राक्षाची अशी तीन बाटल्यांची जुळणी करावी: कॅबर्ने, शिराझ आणि मिळाल्यास मर्लो. ओकच्या पिंपाचा वास फार नसलेल्या, साध्या किमतीच्या घ्याव्यात, कारण लाकडाचा वास द्राक्षातला फरक झाकतो. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारी मिलिलिटरच्या खुणांची छोटी पेली मापासाठी पुरते. एका ग्लासात नुसते कॅबर्ने, दुसऱ्यात नव्वद मिलिलिटर कॅबर्नेत दहा शिराझ, तिसऱ्यात ऐंशी-वीस, चौथ्यात साठ-चाळीस असे ओतून ठेवावे आणि ग्लासांच्या बुडाखाली चिठ्ठ्या लावून कोणता कोणता ते दुसऱ्याला बदलायला सांगावे, म्हणजे मनातली अपेक्षा चवीत मिसळत नाही.

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या इमारतीत शेजाऱ्यांबरोबर हा प्रयोग आम्ही करतो तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दहा टक्के शिराझ नाकाला बहुतेकांना कळत नाही. वास कॅबर्नेचाच वाटतो. तोंडात मात्र फरक पडलेला असतो, घोटाचा मध्य थोडा उचलला गेलेला असतो, आणि पूर्वी वाईन न प्यालेली माणसेसुद्धा हा ग्लास “जास्त भरलेला” असल्याचे सांगतात. वीस टक्क्यांना शिराझची मिरी वासातही डोकावते आणि तरी शेवट कॅबर्नेचाच राहतो, लांब आणि कोरडा. चाळीस टक्क्यांना कॅबर्ने आपला ताबा सोडते. सुरुवात गोडसर, मुरंब्याच्या वळणाची होते, मध्य जड होतो आणि शेवट आखूड पडतो. मर्लो मिसळले तर वेगळेच घडते: तुरटपणाच्या कडा गोल होतात, मध्य भरतो, पण प्रमाण तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेले की आपल्याकडच्या मर्लोची कमी आम्लता सगळी वाईन खाली ओढते. या प्रयोगातून हेही लक्षात येते की मिश्रण ही दोन चवींची सरासरी नसते. काही प्रमाणांत दोन्ही घटकांपेक्षा चांगले काहीतरी तयार होते आणि त्याच्या पाच टक्के पलीकडे गेले की ते पुन्हा हरवते. बोर्दोमधील वाईन करणारे प्रत्येक तुकड्याची, प्रत्येक जातीची वाईन वेगळी आंबवतात, वेगळी ठेवतात आणि तोडणीनंतरच्या हिवाळ्यात किंवा वसंतात नमुन्यांचे ग्लास समोर मांडून हेच करीत बसतात. दरवर्षी त्यांचे प्रमाण बदलते, कारण दरवर्षी कॅबर्नेच्या मध्यात किती उणीव आहे हे नव्याने पाहावे लागते.

शिराझमधील मिरीबद्दल थोडे सांगायलाच हवे. रोटंडोन नावाचे एक संयुग त्या वासाला कारणीभूत आहे, आणि तेच संयुग खऱ्या काळ्या मिरीतही असते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये हा संबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याच चाचणीत सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना हे संयुग भरपूर प्रमाणातही कळले नाही. आपल्या शेजारच्याला मिरी जाणवत नसेल तर त्याचे नाक कच्चे आहे असे समजू नये.

कॅबर्ने आणि शिराझ ही जोडी नव्या जगाची, म्हणजे ऑस्ट्रेलिया-अमेरिकेसारख्या युरोपाबाहेरील वाईन-देशांची, कल्पना आहे, असा समज आहे. पण एकोणिसाव्या शतकात बोर्दोच्या नामवंत वाईनना बळ यावे म्हणून ऱ्होन खोऱ्यातील हर्मिटाज येथील सिरा, म्हणजे हेच शिराझ, त्यांत सर्रास मिसळले जाई. पुढे नियमांनी ते बंद झाले. ऑस्ट्रेलियाने ही जोडी आपलीशी केली. तेथील पेनफोल्ड्स कंपनीची बिन ३८९ ही कॅबर्ने-शिराझ वाईन १९६० सालापासून निघते. भारतातही हीच जोडी रुजली याचे मला नवल वाटत नाही, कारण आपल्या उन्हात शिराझ मर्लोपेक्षा भरवशाने पिकते. बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरातील ग्रोव्हर यांची ला रिझर्व्ह ही कॅबर्ने-शिराझ वाईन, जिला बोर्दोचे वाईनतज्ज्ञ मिशेल रोलां यांचा सल्ला लाभला, भारतीय मिश्र रेड वाईनमध्ये दीर्घकाळ मानाचे स्थान राखून आहे. नाशिकच्या यॉर्कची आरोस त्याच दोन द्राक्षांची आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्लीने सेत्ते या वाईनसाठी इटलीच्या सान्जोव्हेजेला कॅबर्नेची जोड दिली, आणि तेथे भूमिका उलटी आहे: सान्जोव्हेजे आम्लता व चेरीची चव आणते, कॅबर्ने तिला रंग आणि कणा देते. या तिन्ही वाईन वेगवेगळ्या वर्षांच्या घेऊन फक्त मध्यावर लक्ष ठेवून चाखल्या, तर आपल्याकडे गेल्या काही वर्षांत टॅनिन किती सफाईने हाताळले जाऊ लागले आहे ते दिसते, आणि त्याचा मला मनापासून आनंद होतो.

तरीही उत्तम कॅबर्नेप्रधान मिश्रण काय करू शकते याची कल्पना यावी म्हणून एकदा तरी मेदॉकची चांगली, थोडी वय झालेली बाटली चार-सहा जणांनी वर्गणी काढून घ्यावी. आम्ही सँ-जुलियाँ गावची २०१६ सालची बाटली घेतली होती. हे गाव मेदॉकमधील मोठ्या नावाच्या गावांत लहान. १८५५ मध्ये तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाईनची जी पाच पायऱ्यांची प्रतवारी झाली, तिच्यात या एकट्या गावाचे अकरा मळे आहेत, आणि पहिल्या पायरीवर मात्र एकही नाही. ही प्रतवारी त्या काळच्या बाजारभावांवर बेतलेली होती आणि आजही जवळपास तशीच आहे; दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर चढण्याचा मान १९७३ मध्ये एकट्या मूतों रॉथशिल्ड या मळ्याला मिळाला. २०१६ हे वर्ष बोर्दोमध्ये ओल्या वसंतानंतरच्या लांब, कोरड्या उन्हाळ्याचे आणि थंड रात्रींचे होते, त्यामुळे कॅबर्ने सावकाश आणि पूर्ण पिकले.

रंग गर्द डाळिंबी होता, ग्लास तिरपा धरल्यावर कडेला अगदी किंचित विटकरी छटा. बाटली उघडल्याबरोबर घेतलेल्या घोटात वास जेमतेम होता आणि तुरटपणा पुढे आलेला, जणू वाईनने दार अर्धेच उघडले होते. निम्मी वाईन काचेच्या रुंद भांड्यात ओतून ठेवली, निम्मी बाटलीतच राहू दिली, म्हणजे हवेचा परिणाम ताडून पाहता येतो. पाऊण तासाने भांड्यातली वाईन बोलू लागली. प्रथम शिसपेन्सिल तासल्यावर येणारा लाकडाचा आणि शिशाचा वास, मग देवदार, मग फळ. बोर्दोचे वर्णन करताना तिकडचे लोक ज्या ब्लॅककरंट या काळ्या, बेदाण्यासारख्या फळाचे नाव घेतात ते आपल्या बाजारात ताजे मिळत नाही, आणि पुस्तकी नाव घोकण्यात मला अर्थ वाटत नाही. आपल्या नाकाला ओळखीचे तेच घ्यावे. मे महिन्यात जांभळी नाक्याच्या बाजारात येऊर आणि शहापूरकडच्या बायका करवंदे घेऊन बसतात. पुरते काळे झालेले करवंद फोडल्यावर जो आंबट-गोड, किंचित चिकाचा गंध येतो, तो या वाईनमध्ये होता. त्यामागे जांभूळ, आणि त्याच्याही मागे वाळलेल्या तंबाखूच्या पानाचा मंद वास. ज्यांना वास ओळखण्याची सवय लावायची आहे त्यांनी हंगामात ही फळे हातात चुरडून हुंगावीत; तयार अर्कांच्या महागड्या पेट्यांपेक्षा ते उपयोगी पडते.

चवीत मात्र मला जे सांगायचे आहे ते होते. सुरुवात करवंदाची, ताजी. आणि मग जेथे नुसते कॅबर्ने पातळ झाले असते तेथे चव रुंद झाली, मर्लोची मऊ, रसाळ लहर आत आली आणि तुरटपणा तिच्याखालून इतक्या हळूहळू वर आला की कोठे एक संपले व दुसरे सुरू झाले ते सांगता येईना. टॅनिन भरपूर होते, हिरड्यांना जाणवत होते, पण बारीक दळलेले. गिळल्यानंतर देवदार आणि फळ दोन्ही बराच वेळ मागे राहिले. दोन तासांनी बाटलीतली वाईन भांड्यातल्या वाईनच्या जवळ आली होती, तरी मध्यावर ती थोडी अरुंदच राहिली. तरुण कॅबर्नेप्रधान वाईनला हवा का द्यावी, याचे इतके स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेले नाही. वीस-पंचवीस वर्षे झालेल्या वाईनबाबत मात्र जपून वागावे. तिला गाळ असतो म्हणून हलक्या हाताने ओतावी, पण तासन्तास उघडी ठेवू नये, कारण तिचे उरलेले फळ हवेत लवकर विरते.

या सगळ्यावर पाणी फिरवणारी एक गोष्ट ठाण्यात आहे, ती म्हणजे उष्मा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळीसुद्धा घरात पारा तिशीच्या वर असतो, आणि त्या तापमानाला उत्तम बोर्दोसुद्धा अल्कोहोलच्या वाफेने नाकात शिरते, फळ शिजल्यासारखे लागते आणि मध्य तर ओळखूही येत नाही. कॅबर्नेप्रधान वाईन सोळा ते अठरा अंशांना प्यावी. त्यासाठी आपल्याकडे बाटली सव्वा-दीड तास फ्रिजमध्ये, किंवा घाई असेल तर बर्फ घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावी लागते. फार थंड झाली तर उलट दोष येतो: वास मिटतो आणि तुरटपणा कडक होतो, अशा वेळी ग्लास तळहातांत धरून थोडे थांबावे. ग्लासात एका वेळी थोडीच ओतावी, कारण ती भराभर तापते. साठवणीसाठी बारा ते पंधरा अंश, अंधार आणि स्थिर जागा लागते, आणि बूच असलेली बाटली आडवी ठेवावी लागते. वाईनचे खास कपाट नसेल तर महिन्याभरात पिण्यापुरतीच खरेदी करावी. दुकानात दर्शनी काचेत, उन्हात किंवा दिव्याखाली उभ्या असलेल्या बाटल्या मी घेत नाही, आणि बूच वर सरकलेले किंवा गळ्याशी चिकट ओघळ असलेली बाटली परत ठेवते, कारण ती कोठेतरी तापलेली असते. बाटली उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर तो बुचातील ट्रायक्लोरोॲनिसोल या संयुगाचा दोष असतो. तो हवेने जात नाही, वाईन बदलून मागावी.

जेवणाच्या बाबतीत आपल्या घरांत योग्य पदार्थ आहेत, फक्त तिखटाला आवर घालावा लागतो. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते आणि तुरटपणाही बोचरा होतो. ठाण्यात सीकेपी घरांत होणारा खिमा, कमी तिखटाचा, खोबरे आणि गरम मसाल्यावर बेतलेला, या वाईनला सुरेख साथ देतो. मटणातील चरबी आणि प्रथिने टॅनिनला गुंतवून ठेवतात, त्यामुळे तुरटपणा निवळतो आणि फळ पुढे येते. वालाचे बिरडेही, ओले खोबरे जास्त घालून केले तर, मला चालते. मासळी मात्र नको. सुरमई असो वा बोंबील, टॅनिनयुक्त रेड वाईनबरोबर तोंडात लोखंडी चव येते आणि दोन्ही वाया जातात.

वाईन उरली तर ती बाटलीत अर्धी रिकामी ठेवू नये. लहान बाटली आधीच धुऊन वाळवून ठेवावी, तिच्यात काठोकाठ भरावी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा योग्य तापमानाला आणून चाखावी. सँ-जुलियाँच्या वाईनचा मध्य दुसऱ्या दिवशी अधिकच जुळून आला होता, तुरटपणा आणखी मऊ पडला होता. घरच्या प्रयोगातील ऐंशी-वीसचे मिश्रण दुसऱ्या दिवशी जवळपास तसेच टिकते. साठ-चाळीसचे गोडसर सुरुवातीनंतर लगेच कोसळते. आणि नुसत्या कॅबर्नेत ढोबळी मिरचीचा वास वर येऊन बसतो. यामुळे नाशिकच्या द्राक्षांपुरते तरी कॅबर्नेत शिराझचे प्रमाण पंधरा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान असावे असे माझे मत झाले आहे. मामेभाऊ त्याच्या जमिनीसाठी पंधराच्या बाजूने आहे, मी पंचविसाच्या, आणि येत्या तोडणीनंतर दोन्ही प्रमाणे आम्ही एकाच टेबलावर मांडणार आहोत.